लोखंडाचं पाणी

“शीज नॉट व्हॉट शी वॉज, पुअर लव्ह. समवन शुड रिंग द सन.”

हॉलच्या किचनमधून बार्बराचा आवाज आला तेव्हा आपण दोघी दाराबाहेर उभ्या होतो. तुमच्या दोन्ही हातांत लोकरीच्या ओल्या लडी होत्या आणि त्यांतून काळपट पाणी तुमच्या स्पोर्ट्‌स शूजवर ठिबकत होतं. माझ्या हातात रिकामी बादली होती. आत नळ सुरू झाला, कप वाजले, दुसरं कुणीतरी “सो सॅड” म्हणालं.

“काय म्हणाली गं ती?” तुम्ही विचारलंत.

“काही नाही काकू. चहा कुणाकुणाला हवाय ते विचारतायत.”

अठरा वर्षं सिडनीत काढलेल्या बाईला एवढं इंग्रजी कळत नसेल, असं मला एक क्षणसुद्धा वाटलं नाही. तुम्ही मला संधी देत होतात, हे मला फार नंतर कळलं. “मला बिनसाखरेचा सांग,” म्हणालात आणि लडी घेऊन मागच्या अंगणात गेलात.

शैलाकाकू, तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले. मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिही, असं मिलिंददादाने मला गेल्या आठवड्यात सांगितलं. “आईची शेवटची मैत्रीण तूच,” असं तो म्हणाला. तुमचा जन्म, शिक्षण, नोकरी हे तो स्वतः लिहिणार आहे. माझ्याकडे आठवणी आल्या आहेत. तुमच्यासारखं मराठी मला येत नाही. “तुम्हा कॉन्व्हेंटवाल्यांचं मराठी म्हणजे मे महिन्यातला नळ, कधी जाईल सांगता येत नाही,” असं तुम्ही म्हणायचात. तरी मराठीतच लिहिते. तुमच्याशी मी कधीच इंग्रजीत बोलले नाही. खोटंसुद्धा मराठीतच बोलले.

क्वेकर्स हिलच्या त्या हॉलमध्ये मी पहिल्यांदा आले ती लोकरीसाठी नाही. लायब्ररीत कागद लावला होता: दर शनिवारी सूतकताई आणि रंगाई, नवशिक्यांचं स्वागत. मला वाटलं, हात कामात असले की बोलावं लागत नाही. अकरा बायका, बहुतेक सत्तरीच्या पुढच्या, पायाने चालवायचे चरखे घेऊन गोल बसल्या होत्या. सलवार-कमीजमधल्या तुम्ही एकट्याच. माझं नाव ऐकलंत आणि पहिलं वाक्य बोललात, “मराठी? अरे देवा. आता इथेही जपून बोलावं लागणार.”

सोलापूरच्या चादरींच्या गिरणीत तुम्ही बावीस वर्षं रंगखात्यात होतात. तिथे बायका नसायच्या, तुम्ही होतात, हे तुम्ही दर शनिवारी कुणाला ना कुणाला सांगायचात. रंगाचं पातेलं या ग्रुपमध्ये तुमच्या हातात होतं. बार्बराने चाळीस वर्षं मेंढ्या पाळल्या होत्या, पण पातेल्याजवळ येताना तीसुद्धा “मे आय?” विचारायची.

माझी पहिली लडी कातायला मला तीन आठवडे लागले. घाबरत तुमच्या हातात दिली. तुम्ही धाग्याची दोन टोकं धरलीत आणि ओढलंत. तट्‌कन तुटला.

“पीळच नाही. वरून सूत, आतून नुसता पिंजलेला कापूस. तुझ्यासारखाच.”

एवढं बोलून थांबला असतात तर चाललं असतं. तुम्ही ते इंग्रजीत करून सगळ्यांना सांगितलंत. सगळ्या हसल्या, मीही हसले. सोमवारी पॅरामॅटाला ऑफिसच्या डेस्कवर बसून मी तोच धागा मनात पुन्हा पुन्हा तोडून बघत होते. नंतर एकदा बार्बराला सांगितलंत की हिची आई मला पुण्याहून फोन करते, मुलगा बघा म्हणून. “बट ही विल आस्क हर फॉर कॉफी अँड शी विल थिंक फॉर टू डेज.” बार्बराने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. माझ्या आईचे ते फोन मला माहीतही नव्हते.

मी न बोलणारी आहे, पण विसरणारी नाही. तुमचं एकेक वाक्य मी नीट घडी घालून ठेवत होते.

मग पहिला लॉकडाऊन आला. माझी फ्लॅटमेट शेवटच्या फ्लाइटने घरी गेली आणि मी कुणाच्या तरी घरामागच्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये एकटी राहिले. एका सकाळी दाराबाहेर मोठी पिशवी होती. आत लोकर, आणि लोकरीत खुपसलेली शेंगाच्या चटणीची बाटली. बार्बराचा नवरा गेल्यावर तिने मजी गावाजवळची जमीन विकली होती, शेवटच्या मेंढ्याही. त्या शेवटच्या कातरणीची लोकर तिने जपून ठेवली होती. तिचं एक मोठं पांघरूण करायचं, आणि लॉकडाऊनमध्ये प्रत्येकीने आपापल्या घरी वाटणीचं सूत कातायचं असं ठरलं. प्रत्येकीच्या दारात तुम्ही गाडीने पिशव्या ठेवत फिरलात. चटणी फक्त माझ्या पिशवीत होती.

त्या दिवसापासून रोज दुपारी साडेचारला तुमचा व्हिडिओ कॉल. हॅलो नाही, काही नाही. “जिवंत आहेस का?” मग फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवायचात. स्क्रीनवर तुमचा फक्त पाय दिसायचा, चरख्याच्या पायटीवर वरखाली होणारा. “तोंडाकडे काय बघतेस, पायाकडे बघ. हात मागून येतो.” कितीतरी दिवस मी कुणाशी बोलले असेन तर त्या पायाशी. माझी नोकरी राहील की जाईल ते कळत नव्हतं तेव्हा मी त्या पायाला सांगितलं. पाय थांबला नाही. “मग? गेली तर गेली. अंगठा सैल सोड.”

एवढं होऊनही मी घडी घातलेली वाक्यं टाकली नाहीत.

हॉल पुन्हा उघडला तेव्हा चौदा लडी जमल्या. दोन माझ्या होत्या. माझी कोणती आणि तुमची कोणती, बार्बराला ओळखता आलं नाही. तुम्ही म्हणालात, “तिला म्हणावं चष्मा बदल.” पण माझ्या लडीवरून तुम्ही दोनदा हात फिरवलात, ते मी बघितलं.

आता त्या शनिवारबद्दल.

निलगिरीच्या गोल पानांचा काढा दोन दिवस मुरवून ठेवला होता; थोडा पातेल्यात लडींसोबत उकळत होता, उरलेला एका पांढऱ्या बादलीत. त्यातून लोकरीवर विटकरी नारिंगी रंग येतो, बार्बराला तिच्या मजीच्या मातीचा रंग हवा होता. शेजारच्या दुसऱ्या पांढऱ्या बादलीत तुमचं लोखंडाचं पाणी होतं: गंजके खिळे आणि गूळ महिनाभर आंबवून गाळलेलं. ते पेलाभर पडलं तरी कुठलाही रंग काळवंडतो. दोन्ही बादल्या सारख्या, दोन्हींतलं पाणी तपकिरी. झाकणांवर चिकटपट्टी लावून तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं, एकावर ‘पाला’, एकावर ‘लोखंड’. इंग्रजीत लिहा म्हणून मी तुमच्याशी वाद घातला होता. “का? अकरा बायकांना दोन शब्द शिकायला काय होतंय?” तो वाद तसाच राहिला.

कोविडचे नियम म्हणून दर शनिवारी आधी येऊन खुर्च्या, कड्या, झाकणं सॅनिटायझरने पुसायची माझी ड्यूटी होती. वयाने लहान म्हणून मलाच दिलेली. त्या दिवशी मी दोन्ही झाकणं काढली, पुसली आणि न बघता परत लावली. मी फोनवर आईचा मेसेज वाचत होते.

एरवी तुम्ही कुठलीही बादली उचलायच्या आधी नाक लावायचात. त्या दिवशी तोंडावर मास्क होता आणि वाफेने चष्मा धुरकटलेला. ‘पाला’ लिहिलेलं झाकण तुम्ही उघडलंत, आणि सगळ्यांसमोर, “नाऊ सी द कलर कम,” म्हणत ती बादली पातेल्यात ओतलीत. आत चौदाच्या चौदा लडी होत्या.

मिनिटभरात पातेल्यातलं पाणी शाईसारखं झालं. चिमटा शोधत न बसता तुम्ही रबरी हातमोज्यांनिशी उकळत्या पाण्यात हात घातलेत. “काढा! टेक आउट, टेक आउट!” मनगटाजवळ भाजलं, तरी काढत राहिलात. गवतावर लडी पडत गेल्या, राखी, काळ्या, मध्येच एखादा विटकरी पट्टा. बार्बरा खुर्चीत बसून रडायला लागली. तुम्ही एक लड उजेडात धरलीत आणि म्हणालात, “रंग वाईट नाही. पण हा आपण मागितला नव्हता.” मराठीत. म्हणजे माझ्याशी.

रिकामी बादली विसळायला मी मागे नेली, मास्क खाली केला आणि तो आंबट, गंजका वास आला. झाकण बघितलं. ‘पाला.’ सकाळ सगळी आठवली. मी काय केलं ते नीट लिहिते, काकू, कारण हे घाबरून आपोआप झालं असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. मी इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. मी पातेल्याजवळच्या दुसऱ्या बादलीपाशी गेले आणि दोन्ही झाकणं त्यांच्या त्यांच्या जागी लावली, म्हणजे तुम्हीच चुकीची बादली उचलली असं दिसावं. मग बादली उचलली आणि किचनच्या दाराशी तुमच्या शेजारी येऊन उभी राहिले.

भीती होतीच. बार्बरा रडत होती, मला इथे दुसरा ग्रुप नव्हता. पण फक्त भीती नव्हती. आतून “नॉट व्हॉट शी वॉज” ऐकू आलं तेव्हा प्रत्येकाला उत्तर देणाऱ्या तुम्ही गप्प उभ्या राहिलात, आणि मला बरं वाटलं. तो धागा तोडल्यापासून पहिल्यांदाच तुमच्याशेजारी उभं राहून मला बरं वाटलं.

पुढचं सगळं अगदी सौजन्याने झालं. बार्बराने मिलिंददादाला फोन केला. त्याने तुम्हाला डॉक्टरकडे नेलं. घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. “मी विचारलं, मराठीतून करू का? पटकन होतील,” तुम्ही मला फोनवर सांगितलंत आणि हसलात. “डॉक्टर म्हणे, वयाच्या मानाने ठीक, पण लक्ष ठेवा. आता ‘पण’च्या पुढचंच सगळ्यांना ऐकू येतं.” गाडीची किल्ली दादाने काढून घेतली. शेगडीवर सून चिठ्ठी लावून गेली, ‘आई, गॅस बंद केला का?’ ग्रुपच्या मेसेजमध्ये बार्बराने लिहिलं की यापुढे रंगाचं काम आपल्यातली लिन बघेल, शैलाने आता मजेत बसून सूत काढावं. खाली सगळ्यांनी हार्ट दिले. मीही दिला.

तुम्ही त्यानंतर दोनच शनिवार आलात. दुसऱ्या शनिवारी लिनने तुम्हाला पातेल्याजवळून हाताला धरून हळूच खुर्चीवर नेऊन बसवलं, लहान मुलाला बसवतात तसं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी माझ्या चरख्याच्या पायटीकडे बघत होते.

दुसरा लॉकडाऊन लागला तेव्हा तुमचं घर माझ्यापासून चालत दहा मिनिटांवर होतं. पाच किलोमीटरच्या आत, म्हणजे नियमात बसणारं. फाटकाबाहेर उभं राहून बोलता आलं असतं, लोक बोलत होते. मी आले नाही. एका दुपारी साडेचारला तुमचा फोन आला, व्हिडिओ नाही, साधा.

“सई, एक विचारते. खरं सांगशील?”

“काय काकू?”

“महिनाभर विचार करतेय. त्या दिवशी झाकणं तू पुसली होतीस ना? अदलाबदल झाली असेल का गं? हे बघ, झाली असली तरी मी कुणाला सांगणार नाही. त्या बायकांना काय वाटायचं ते वाटू दे. मला फक्त माझ्यापुरतं कळू दे.”

तुम्ही माझ्याकडे काही मागितलंत असं ते एकदाच. तेही कुणाला न सांगण्याच्या बोलीवर. मला फक्त एक ‘हो’ म्हणायचा होता, आणि तो तुम्ही तुमच्याजवळच ठेवणार होतात.

“नाही काकू,” मी म्हणाले. “मी बघूनच लावली होती. तुम्ही उगाच त्रास करून घेताय. होतं असं या वयात.”

‘या वयात’ कुणी मागितलं नव्हतं. ते मी माझ्या मनाने घातलं.

मागे तुमच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता, रोजचे आकडे सांगणारा.

“बरं,” तुम्ही म्हणालात. “मग माझंच डोकं. बरं झालं विचारलं. उगाच तुझ्यावर संशय घेत होते. राग मानू नकोस हं.”

तुम्ही माझी माफी मागितलीत, काकू. आयुष्यात फार लोकांची मागितली नसेल तुम्ही.

त्यानंतर तुम्ही खरंच बदललात. “काल मी तुला फोन केला होता का गं?” विचारायला लागलात. केलेला असायचा, आणि काय बोललात तेही तुम्हाला नीट आठवत असायचं, पण आठवतंय यावर तुमचा विश्वास उरला नव्हता. सूत काढणं थांबवलंत. मी कारण विचारलं तर म्हणालात, “पीळ बसतो की नाही, मला आता कळत नाही.” बोटांनी पीळ ओळखणारी बाई. हे डॉक्टरने केलं नाही, बार्बरानेही नाही.

पुढचं मला मिलिंददादाने सांगितलं. घरात सगळ्यांना कोविड झाला. मंगळवारी सकाळी तुम्ही त्याला म्हणालात, श्वास पुरत नाही असं वाटतंय. तो बोटाला लावायचं मशीन शोधायला लागला, तर तुम्ही म्हणालात, “राहू दे. नुसतं वाटत असेल. माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस, माझं डोकं ठिकाणावर नाही.” आणि त्याला ते खरं वाटलं, कारण सगळ्यांनाच ते खरं वाटत होतं. ॲम्ब्युलन्स बोलावली ती संध्याकाळी. हॉस्पिटलमध्ये कुणाला आत सोडत नव्हते. तुम्ही तिथे चार दिवस होतात.

“एका अर्थी बरंच झालं ना सई?” फोनवर दादा रडत रडत म्हणाला. “पुढे तिने आपल्याला ओळखलंही नसतं.”

मी म्हणाले, “हो दादा.”

एवढं होऊनही मी ‘हो दादा’ म्हणाले. हे इथे लिहिलंच पाहिजे, नाहीतर कुणाला वाटेल की तुमच्या जाण्याने मी लगेच सुधारले.

अंत्यविधीला मोजून दहा माणसं. आम्ही बाकीचे लॅपटॉपवर. काल शनिवारी ग्रुपने तुमच्यासाठी झूमवर सभा ठेवली. सगळ्या बायका, आणि एका चौकोनात मिलिंददादा, मागे भिंतीला टेकवलेला तुमचा चरखा. मी अशा कॉलवर कधी बोलत नाही, चॅटमध्ये लिहिते. बार्बरा छान बोलली. तुमच्या विनोदांबद्दल, तुमच्या हाताबद्दल. मग म्हणाली की शेवटी शेवटी तुमचा गोंधळ व्हायला लागला ते बघणं फार कठीण होतं.

दादाने घसा खाकरला. “बार्बरा, आय नेव्हर सेड सॉरी अबाउट युअर वूल. मम वॉज ऑलरेडी अनवेल. वी शुड हॅव नोटिस्ड.”

“ओह डार्लिंग,” बार्बरा म्हणाली, “वी फरगेव्ह हर एजेस अगो.”

तुम्हाला माफ केलं म्हणाली. मुलगा तुमच्या वतीने माफी मागत होता, आणि ती तुम्हाला माफ करत होती. सगळ्या चौकोनांत माना हलल्या. माझीही मान हलायला लागली होती, ती मी स्क्रीनवर बघितली.

मी चॅटमध्ये लिहायला घेतलं. लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं. ‘हाय ऑल’ने सुरुवात केली होती, तेही पुसलं. मग माइक चालू केला आणि बोलायला लागले, इंग्रजीत, इतकं भरभर आणि तुटक की मलाच कळत नव्हतं. बार्बराने कपाळाला आठ्या घातल्या. लिन म्हणाली, “स्लो डाउन, लव्ह.” दादा स्क्रीनच्या अगदी जवळ आला, त्याचे सुजलेले डोळे तेवढे दिसायला लागले.

“सई, काय म्हणतेयस? मला कळलं नाही. मराठीत सांग.”

मी मराठीत सांगितलं.

“दादा, झाकणं मी बदलली होती. काकूंचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी नाही म्हणाले.”